अकराची घंटी

श्यामराव ठवकर टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले त्याला बारा वर्षे होऊन गेली होती, पण कुठे तारेचा तुकडा लोंबताना दिसला की त्यांचा हात अजून खिशातल्या पकडीकडे जाई. लग्नाला गेले तरी आधी मांडवातली वायरिंग बघत, नवरा-नवरी मागून. माणूस मूळचा भंडाऱ्याकडचा. लाइनमन म्हणून रायपूरला आला आणि इथलाच झाला.

समता कॉलनीतल्या वैनगंगा अपार्टमेंटमध्ये तळमजल्यावर ते एकटे राहत. अडतीस वर्षांपूर्वी विदर्भातून आलेल्या नोकरदारांनी मिळून ही बिल्डिंग बांधली, हौसेने नदीचे नाव दिले आणि नंतर तिला एकदाही धड रंग दिला नाही. लिफ्ट नाही. तळमजला आणि वर तीन मजले, मिळून बारा घरे. बाराही घरांचे टेलिफोन श्यामरावांनी स्वतःच्या हातांनी जोडले होते. जिन्याला लागून एक उभे, अरुंद डक्ट होते. सगळ्या तारा त्यातून वर जात. त्या डक्टची किल्ली पहिल्या दिवसापासून श्यामरावांकडे होती. गच्चीची त्यांच्याकडे आणि तिसऱ्या मजल्यावरच्या शांताबाई हेडाऊंच्या घराची जादा किल्लीही त्यांच्याकडेच. या तिन्ही किल्ल्या त्यांनी तांब्याच्या जाड तारेच्या एका कड्यात ओवून, कडे झाळून कायमचे बंद केले होते. "एक हरवली तर तिन्ही हरवतीन, मंग शोधाच लागते," असा त्यामागचा हिशेब. लाइनमनचे डोके असेच चालते.

शांताबाई म्हणजे त्यांच्याच खात्यातल्या बाबारावांच्या पत्नी. बाबाराव आणि श्यामराव एकाच टोळीत खांबावर चढलेले, आणि त्यांच्या बायका, शांताबाई आणि मंदाकिनी, एकमेकींवाचून घास न गिळणाऱ्या. दिवसातून दहा वेळा जिना चढउतार करून दोघींचे गुडघे जायला लागले, तेव्हा श्यामरावांनी एक चोरटे काम केले. डक्टमधल्या सरकारी केबलमध्ये तारांची एक निळी-पांढरी जोडी मोकळी पडून होती. तिच्या वरच्या टोकाला शांताबाईंकडे बटण लावले, खालच्या टोकाला आपल्या स्वयंपाकघरात घंटी. पुढे कैक वर्षे त्या सरकारी तारेवरून लोणच्याचे आणि चहाचे निरोप गेले.

मग बाबाराव गेले. मग मंदाकिनी गेली. घंटीवर धूळ बसली. दोन वर्षांपूर्वी शांताबाईंना अर्धांगाचा झटका आला; उजवी बाजू गेली आणि बोलणे इतके जड झाले की मोबाइलवर कोणाला काही कळेना. मोबाइल त्यांच्या हातात ठरतही नसे. तेव्हा श्यामरावांनी घंटी पुसली, नवी बॅटरी घातली आणि बटण लांब वायरीने शांताबाईंच्या उशाशी, डाव्या हाताला आणून दिले. मुलगी राधिका नवा रायपूरला ऑफिसात. साडेआठला जाई ती संध्याकाळी सातला येई. कामवाली शेवंता साडेनऊपर्यंत सगळे आटपून जाई आणि पुन्हा चारला येई. मधले साडेसहा तास त्या घंटीवर सोडलेले. एकदा वाजली म्हणजे ठीक आहे. दोनदा म्हणजे वर या. लांब वाजली म्हणजे धावत या. रोज सकाळी अकराला शांताबाई गोळी घेत आणि घंटी एकदा वाजवत. दोन वर्षांत अकराची घंटी एक दिवसही चुकली नव्हती.

आता राधिकेच्या ऑफिसने तिला आठवड्यातले चार दिवस घरून काम करायला परवानगी दिली होती. अट एकच: घरी पक्के इंटरनेट पाहिजे, आणि सोमवारी ऑफिसातले लोक ते तपासणार. वैनगंगातले इंटरनेट अजून जुन्या तांब्याच्या तारेवर चालायचे, म्हणजे चालले तर चालायचे. फायबर टाकायचे तर डक्टमधले पाइप तांब्याने गच्च भरलेले. सुईलाही जागा नाही. जुने उपसल्याशिवाय नवे जाणार नाही, असे फायबरवाले तीन महिन्यांपासून सांगत होते. आणि तीन महिन्यांपासून श्यामराव किल्ली देत नव्हते. आज पाव्हणे आले, उद्या अमावास्या, परवा कंबर धरली. खरे कारण त्यांनाही ठाऊक होते. ते तांबे उपसले की या बिल्डिंगीत श्यामराव ठवकर नावाच्या माणसाने काही केले होते याची एकही खूण उरणार नव्हती.

बुधवारी संध्याकाळी शांताबाईंच्या बैठकीत बिल्डिंगची मीटिंग झाली. राधिका सगळ्यांदेखत म्हणाली, "काका, तुमच्या हट्टापायी माझी आई दिवसभर एकटी पडून राहते. हे तुमाले दिसून नाही राहिलं का?"

श्यामरावांनी पलंगाकडे पाहिले. त्यांना वाटले, निदान वहिनी तरी आपली बाजू घेतील. शांताबाईंनी ओठ जुळवले, जीभ वळवली आणि दोन शब्द काढले.

"किल्ली… द्या."

श्यामराव उठले. "शुक्रवारी या म्हणा त्याइले," म्हणाले आणि चहा न घेता उतरले. गुरुवारी त्यांनी वर पाऊल टाकले नाही. अकराची घंटी आली, तीही त्यांनी तोंड फिरवून ऐकली. म्हातारपणी राग आला की तो लहान मुलासारखा येतो, फक्त समजूत काढायला घरात कोणी नसते.

पण तारेशी त्यांनी वैर धरले नाही. गुरुवारी दुपारी डक्ट उघडून त्यांनी तळापासून वरपर्यंत, हात पोचेल तिथे तिथे निळ्या-पांढऱ्या जोडीला दुहेरी गाठ मारली. त्यांच्या टोळीची ही जुनी रीत. दवाखान्याची लाइन, पोलीस ठाण्याची लाइन, जिला धक्का लागता कामा नये अशी कोणतीही लाइन असली की तिला गाठ. गाठ दिसली की लाइनमनचा हात आपोआप मागे येई. हे कोणी कोणाला शिकवत नसे.

शुक्रवारी पावणेदहाला निरंजन आला. पस्तिशीचा, रायपुरातल्याच गुढियारीचा गडी. शेजारपाजार मराठी असल्याने मराठी सगळी समजे, बोले मात्र हिंदीच. त्याचा जोडीदार गुरुवारी सकाळीच किल्ली मागून डक्टची पाहणी करून गेला होता. निरंजनने चपला बाहेर काढल्या, किल्ल्यांचा जुडगा घेतला, त्यातून डक्टची किल्ली सुटी करायला पाहिली, कडे झाळलेले बघून हसला आणि अख्खा जुडगाच कमरेला अडकवला. मग दारात थांबून विचारले, "अंकल, डक्ट में कोई लाइन चालू है क्या? पुराना आदमी बता दे तो अच्छा रहता है."

सरळ प्रश्न होता. सरळ उत्तर द्यायला एक वाक्य पुरले असते. पण श्यामराव बुधवार विसरले नव्हते.

"लाइनमन हायेस ना तू?" ते म्हणाले. "मंग पाहून घे. आमाले कोणी सांगत नव्हतं."

"हव," निरंजन मान डोलवून म्हणाला आणि गेला.

श्यामराव खुर्ची घेऊन स्वयंपाकघराच्या दारात बसले. समोर भिंतीवर घंटी, तिच्यावर घड्याळ. डक्टमधून ओढाताणीचा आवाज येऊ लागला. तार पाइपातून निघताना घसाऱ्याचा जो आवाज होतो तो त्यांना ओळखीचा होता, पण आजवर त्यांनी तो आत घालताना ऐकलेला. त्यांनी पेपर उघडला. एकच बातमी तीनदा वाचली.

अकरा वाजले. घंटी आली नाही.

अकरा वाजून पाच मिनिटे. श्यामरावांनी पेपर खाली ठेवला. आवाजात वहिनींना घड्याळाचे भान राहिले नसेल. अकरा दहा. की शेवंताने बटण उशाकडून हलवले? तिला दहा वेळा सांगितले आहे. अकरा पंधरा झाले आणि त्यांना तिसरेच सुचले: वहिनी रागावल्या आहेत. काल आपण वर गेलो नाही, म्हणून आज त्या घंटी देत नाहीत. असे आहे काय? मग आपल्यालाही राग येतो म्हणावे. श्यामरावांनी खुर्ची फिरवली आणि घंटीकडे पाठ करून बसले.

पाठ केली तरी कान तिकडेच.  बत्तीस वर्षांच्या नोकरीत एक गोष्ट ते प्रत्येक नव्या माणसाला सांगत आले होते: गिऱ्हाईक बोलत नाही याचे कारण गिऱ्हाईकात शोधू नका, आधी तार तपासा. आज ती त्यांना आठवली नाही असे नाही. आठवली, आणि त्यांनी ती झटकली. पायात गोळे येतात, तीन मजले कोण चढणार, दोनदा वाजवतील तर जाऊ.

साडेअकराला अंगणात धप्पकन काहीतरी पडले. निरंजनने गच्चीवरून उपसलेल्या तारेचे पहिले भेंडोळे खाली टाकले होते. श्यामराव बाहेर आले. अडतीस वर्षांचे त्यांचे काम धुळीने माखून फरशीवर पडले होते. ते वाकले, एक पदर हातात घेतला, सवयीने धूळ पुसली. निळी आणि पांढरी. बोटे पुढे सरकली आणि एका दुहेरी गाठीवर अडली.

गाठ त्यांची होती. कालची. वरची आणि खालची दोन्ही टोके स्वच्छ कापलेली.

 घंटी आली नाही म्हणजे वर बटण दाबलेच नाही असे नव्हे. ती वाजवली गेली असेल तर एकदा, दोनदा की लांब, हे कोणाला ठाऊक? आणि आपण भिंतीकडे पाठ करून अर्धा तास रुसून बसलो.

ते धावले. बहात्तराव्या वर्षी जितके धावता येते तितके. पहिल्या मजल्यावर गुडघ्यात कळ आली, ती त्यांनी तिथेच सोडली. दुसऱ्या मजल्यावर श्वास लागला, कठडा धरून तोंडाने हवा ओढली. तिसऱ्यावर शांताबाईंचे दार. त्यांनी थाप मारली. "वहिनी! वहिनी, मी हाओ!" आतून काही नाही. हात कमरेकडे गेला आणि तिथे जुडगा नव्हता. तिन्ही किल्ल्या एका कड्यात, कडे निरंजनच्या कमरेला, निरंजन गच्चीवर. आपल्याच हुशारीने आपला गळा धरला होता.

"निरंजन!" ते गच्चीच्या जिन्याकडे तोंड करून ओरडले. वर ड्रिल चालू होते. "अरे निरंजन! किल्ली!" आवाज फाटला. ड्रिल थांबेना. उरलेल्या वीस पायऱ्या ते हात टेकून चढले, अक्षरशः चार पायांवर, आणि गच्चीच्या दारातून निरंजनची पँट धरून ओढली.

त्यांचे तोंड पाहून निरंजनने हातातले काम टाकले. एकेक पायरी गाळत उतरला. पहिली किल्ली लागली नाही. दुसरी लागली नाही. तिसरी लागली.

शांताबाई पलंग आणि भिंत यांच्यामध्ये जमिनीवर पडल्या होत्या. कपाळ फुटले होते, रक्त भुवईवरून कानापर्यंत येऊन वाळू लागले होते. गोळ्यांची डबी लांब पडली होती. तिच्यामागे वाकताना तोल गेला असणार. डोळे उघडे होते. डाव्या मुठीत बटण होते आणि अंगठा त्यावर दाबलेला. नख पांढरे पडले होते. किती वेळ दाबून धरले होते देव जाणे.

निरंजनने त्यांना उचलून अलगद पलंगावर ठेवले आणि कोपऱ्यावरच्या दवाखान्यात डॉक्टरला आणायला धावला. श्यामरावांनी ओल्या पंच्याने कपाळ पुसायला घेतले. शांताबाईंनी त्यांच्याकडे टक लावून पाहिले. ओठ जुळवायला वेळ लागला.

"भाऊजी… इतका… राग?"

 ही बाई अर्धा तास जमिनीवर पडून बटण दाबत होती आणि तिला वाटत होते की खाली घंटी वाजते आहे. वाजते आहे, आणि श्यामराव ऐकून बसले आहेत. रक्तापेक्षा ते त्यांना अधिक लागले. "तार कापली गेली वहिनी," असे सांगायला तोंड उघडले, आणि डॉक्टर आत आले.

हाड कुठे मोडले नव्हते. कपाळाला तीन टाके पडले. राधिका एक वाजता नवा रायपूरहून पोचली, आईचा हात हातात घेतला, मग बाहेर येऊन जिन्यातच निरंजनला धारेवर धरले. "आप लोग देखते नहीं क्या काट रहे हो? मेरी माँ मर जाती तो? आपकी कंपनी में शिकायत करूँगी मैं!"

आवाजाने चारही मजल्यांची दारे उघडली. निरंजन खाली मान घालून उभा. "दीदी, उस पेअर में गाँठ लगी थी," तो एवढेच म्हणाला. "हमारे में जो काटना है उसी को गाँठ मारते हैं. मुझे लगा मेरा साथी कल मार के गया है."

श्यामराव आतून हे ऐकत होते. दोन टोळ्या, एकच गाठ. एकीची गाठ जपायची आणि दुसरीची तोडायची. निरंजनने दारात येऊन विचारले होते, हे त्याने सांगितले नाही. म्हाताऱ्याची लाज राखायला सांगितले नाही, हे श्यामरावांना कळले आणि ते आणखी शरमले. गप्प राहिले असते तर सगळे त्या पोराच्या माथी जाऊन मिटले असते. बारा घरांपुढे, ज्यांनी अडतीस वर्षे त्यांना "तारेतला देव" म्हटले त्यांच्यापुढे, ते दारात आले.

"त्याले नको बोलू राधिका. त्यानं मले विचारलं होतं, चालू लाइन कोणती म्हणून. मी सांगतलं नाही."

"काहून नाही सांगितलं?"

"मले राग आला होता," श्यामराव म्हणाले.

राधिका वळून आत निघून गेली. 

तीन वाजता ते गच्चीवर गेले. निरंजन फायबरचे केसासारखे बारीक टोक मशिनीत जोडत होता. श्यामराव शेजारी उकिडवे बसले. "एक घंटीची वायर तुझ्या फायबरसंग त्याच पाइपातून जाईन का रे?" त्यांनी विचारले. हुकूम नव्हता, विचारणेच होते.

"जाएगी अंकल. अब तो पाइप में जगह ही जगह है."

वायर ओढायला खाली श्यामराव, वर निरंजन. दर मजल्यावर गाठ मारण्याऐवजी या वेळी श्यामरावांनी पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या बांधल्या आणि त्यांवर आपल्या वेड्यावाकड्या अक्षरात मराठीत आणि हिंदीत लिहिले: शांताबाईंची घंटी. चालू आहे. कापू नये. निरंजनने चिठ्ठी वाचली, खिशातून पेन काढले आणि खाली आपला मोबाइल नंबर घातला. सहा वाजेपर्यंत राधिकेच्या खोलीत फायबरचा हिरवा दिवा लागला होता. तिने वेग तपासला, दोनदा तपासला, आणि तोंडावर ओढणी धरून थोडी रडली. मग डोळे पुसून आईला म्हणाली, "आई, घंटी दाबून पाह्य."

शांताबाईंनी बटण हातात घेतले नाही. त्यांनी श्यामरावांकडे पाहिले आणि तोंड भिंतीकडे केले. निरंजननेच बटण दाबून पाहिले. खाली घंटी वाजली. श्यामराव "बरं" म्हणाले आणि उतरले. त्या संध्याकाळी त्यांच्या घरात चूल पेटली नाही.

दुसऱ्या दिवशी शनिवार. राधिकेला सुट्टी, ती घरात होती. घंटीची तशी गरजही नव्हती. अकराला दहा कमी असताना श्यामराव जिना चढू लागले. प्रत्येक मजल्यावर थांबून श्वास घेतला. राधिकेने दार उघडले, त्यांच्याकडे क्षणभर बघितले आणि बाजूला झाली. "या काका. मी चाय ठेवते."

शांताबाई उशीला टेकून बसल्या होत्या, कपाळाला पट्टी. श्यामराव पलंगाजवळच्या स्टुलावर बसले. बोलायचे ते त्यांनी रात्रभर घोकले होते, तरी अडखळले.

"वहिनी, काल तार कापली होती. घंटी खाली आलीच नाही. हे खरं हाये." ते थांबले. "पण अकराले ती आली नाही, हे मले समजलं होतं. तरी मी बसून राहिलो. अर्धा घंटा. पाठ करून. तार कापली नसती तरी… तुमी म्हणल्या तेच खरं होतं."

 शांताबाईंच्या डाव्या डोळ्यातून पाणी आले आणि पट्टीच्या कडेला जिरले. मग त्यांनी समोरच्या घड्याळाकडे पाहिले. अकरा वाजले होते. त्यांचा हात उशीवरून सरकत बटणापर्यंत गेला.

तांबे उपसून मोकळ्या झालेल्या डक्टमधून, तीन मजल्यांखालच्या रिकाम्या स्वयंपाकघरातला आवाज वर आला. बारीक, पण स्पष्ट. एकदाच.

"आली," श्यामराव म्हणाले.